नदीत न टाकलेलं पदक

2002 सालच्या एप्रिलमध्ये मी घरामागच्या जागेत मेथी लावायला खणत होते, तेव्हा फावडं पत्र्याच्या डब्यावर आपटलं.

आम्ही त्या वेळी शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या पश्चिमेला, रेल्वेच्या त्याच लाइनवरच्या एका लहान गावात राहत होतो. आमच्या ओळखीची मराठी मंडळी नेपरव्हिलच्या नव्या, ऐसपैस घरांत राहायची. आम्ही भाड्याने घेतलं होतं ते स्टेशनजवळचं जुनं लाकडी घर. त्याच्या जिन्याची प्रत्येक पायरी वेगळ्या आवाजात कुरकुरायची. नवरा सकाळच्या गाडीने शिकागोला जायचा. मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरीची परवानगी नाही. पुण्यात सहा वर्षं मी एका कंपनीत जर्मन कागदपत्रांची भाषांतरं करत होते. इथे दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बर्फ कधी वितळतोय ते बघत बसायचे.

डबा गंजून मातीच्याच रंगाचा झाला होता. झाकणाच्या कडेने डांबर थापलेलं होतं. ते खरवडून काढायला मला अर्धा तास लागला. आत मेणकापड, आणि त्यात चार वस्तू: पट्ट्याचं एक पितळी बकल, फीत कुजून गेलेलं ब्राँझचं पदक, पाण्याने फुगलेली एक छोटी पुस्तिका आणि एक फोटो. फोटोतले चेहरे ओलीने खाऊन टाकले होते, फक्त बूट आणि मांड्यांवर ठेवलेले हात शिल्लक होते. बकलवर मुकुट होता आणि त्याभोवती जर्मनमध्ये तीन शब्द: देव आमच्यासोबत.

संध्याकाळी नवरा घरी आला. टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी सगळं मांडून ठेवलं होतं.

"हे काय घरात आणलंस?"

"मागे सापडलं. जर्मन शिपायाचं दिसतंय."

"म्हणजे नाझी?"

"नाही रे. पदकावर साल बघ ना, 1870-71. तेव्हा हिटलरचा जन्मसुद्धा झाला नव्हता."

"हे तुला ठाऊक आहे यार. विचारायला येणाऱ्याला ठाऊक असेल का?" तो बूटही न काढता उभा होता. "व्हिसा रिन्यूअलला टाकलाय. आपण दोघं ब्राउन, आणि जमिनीतून पत्र्याचा डबा उकरून काढतोय. शेजारच्या खिडकीतून कसं दिसलं असेल ते? जिथे होता तिथे पुरून टाक."

माझा नवरा घाबरट माणूस नाही. पण आदल्या सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर त्याने कॉलेजपासून राखलेली दाढी काढली होती आणि गाडीच्या मागच्या काचेवर अमेरिकन झेंड्याचा स्टिकर लावला होता. दोन्ही गोष्टींबद्दल आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही.

मी डबा पुरला नाही. दोन दिवसांनी पदक आणि बकल जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून गावच्या लायब्ररीत गेले. काउंटरवरच्या बाईने बकल पाहिलं आणि मायक्रोफिल्मच्या मशीनपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवलं. "त्यांना विचारा. त्यांच्या तळघरात असलंच सगळं आहे."

ते सत्तरीचे होते, उंच, किंचित वाकलेले. टेलिफोन कंपनीत तारा ओढायला खांबांवर चढण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. बायको वारली होती, मुलगी दूर ओरेगनला. आमचं बोलणं इंग्रजीतच चालायचं, पण आठवताना मला ते मराठीत ऐकू येतं, आणि मनात मी त्यांना काकाच म्हणत असे.

काकांनी पदक हातात घेतलं ते सरळ आडवं धरून त्याची कड पाहिली. "इथे काय लिहिलंय? माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही."

मी उजेडात धरून वाचलं. "जिंकलेल्या तोफेतून."

"म्हणजे हा माणूस प्रत्यक्ष लढलाय. फ्रेंचांच्या तोफा वितळवून लढणाऱ्यांसाठी ही पदकं पाडली. मागे राहिले त्यांना पोलादाचं मिळायचं." मग त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "तुम्हाला जर्मन येतं?"

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्या तळघरात जाऊ लागले. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, काळातल्या सैन्याच्या वस्तू ते पन्नास वर्षं जमवत होते. खांद्यावरच्या पट्ट्या, बिल्ले, शिपाई सैन्यातून सुटताना विकत घ्यायचे ते झाकणाचे बिअरचे मग, आणि खोकीच्या खोकी कागद. "हिटलरच्या काळचं मी काही ठेवत नाही," पहिल्याच दिवशी त्यांनी बजावून सांगितलं. "घरी येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो." मधोमध काचेच्या पेटीत काळ्या कातड्याचं, माथ्यावर पितळी टोक असलेलं एक हेल्मेट होतं. "हे माझ्या आजोबांनी फ्रान्समधून आणलं, पहिल्या महायुद्धातून. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा माझ्या डोक्यावर ठेवलं होतं. इथून सुरुवात झाली सगळी."

कागद मात्र त्यांना वाचता येत नव्हते, आणि सुरुवातीला मलाही आले नाहीत. जुने जर्मन लोक जी लपेटी लिपी लिहायचे ती आजच्या जर्मन माणसालाही लागत नाही. आपल्याकडे मोडीचं झालं तसंच. काकांनी मला अक्षरांचा तक्ता दिला. मी शाळेतल्या मुलीसारखी वही घेऊन रोज दोन पानं गिरवायला लागले. हात वळल्याशिवाय डोळा वळत नाही, हे मला तेव्हा कळलं. जून संपेपर्यंत डब्यातली पुस्तिका उलगडायला लागली.

ती त्या शिपायाची नोंदवही होती. नाव, जन्मगाव, बाल्टिक समुद्राजवळचं. धंदा सुतार. उंची पाच फुटांच्या वर जेमतेम. कुठल्या लढाईत होता, डाव्या हाताला कुठे जखम झाली, कोणत्या वर्षी सैन्यातून सुटला. शेवटच्या पानावर वेगळ्या शाईत, सरकारी नव्हे अशा अक्षरात, त्याने स्वतःच लिहिलं होतं: अमेरिकेला.

मी तो माणूस ओळखू लागले, हे सांगायला संकोच वाटतो. दुपारी ओट्यापाशी उभी असताना खिडकीबाहेर मेथीच्या वाफ्यावर नजर गेली की पाठमोरा, बुटका, डावा हात जपून वापरणारा एक म्हातारा तिथे वाकलाय असं वाटायचं. भूत वगैरे नव्हे. पण मी कढईखालचा गॅस बारीक करायचे आणि वाट बघायचे. त्याने इथे सुखाने घर बांधलं, मुलं वाढवली, मग हे का पुरलं? चोराच्या भीतीने कोणी बकल पुरत नाही. डांबर लावून बंद केलेला डबा म्हणजे परत काढायचा विचार होता. मग काढला का नाही?

नाव कळल्यावर काका लायब्ररीत गावच्या जुन्या वर्तमानपत्राच्या फिल्म बघत बसले. वर्षामागून वर्ष. ऑक्टोबरमध्ये त्यांचा फोन आला. "या लगेच. सापडला."

बातमी 1918 च्या वसंतातली होती. अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरून वर्ष झालं होतं. चार बोटांची बातमी, आणि सूर अभिमानाचा. गावातल्या काही देशभक्त नागरिकांनी आमच्याच रस्त्यावर राहणाऱ्या एका वृद्ध जर्मन सुताराच्या घरी भेट दिली. भिंतीवरची कैसरची तसबीर अंगणात जाळण्यात आली. गृहस्थाला अमेरिकन झेंड्याचं चुंबन घ्यायला सांगण्यात आलं, ते त्याने घेतलं. जर्मन माजी सैनिकांच्या मंडळाच्या मिरवणुकीत तो घालत असलेलं टोकदार हेल्मेट केरसुणीच्या दांड्यावर चढवून मुख्य रस्त्याने फिरवण्यात आलं. त्याची पदकंही मागितली, तेव्हा त्या वस्तू आपण नदीत टाकल्या असं त्याने सांगितलं.

खाली त्या देशभक्त नागरिकांची नऊ नावं सन्मानाने छापली होती.

काकांचं बोट पहिल्या नावाखाली थांबलं. "हे माझे आजोबा," ते म्हणाले. मग खुर्चीत मागे सरकून, "पण ते तर तेव्हा फ्रान्समध्ये होते."

मी पडद्यावरची तारीख पुन्हा वाचली.

"आमच्या घरी तसंच सांगायचे," ते म्हणाले आणि मशीनचा दिवा बंद केला.

आम्ही तसेच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी कोट काढला नाही. तळघरात उतरून सुती हातमोजे घातले, पेटीतून हेल्मेट काढलं आणि उलटं करून दिव्याखाली धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो वस्तू आतून बाहेरून तपासल्या होत्या, पण ही नाही. जिची गोष्ट घरात लहानपणापासून ऐकलीय ती वस्तू कोण तपासतो? आतल्या अस्तराची कातडी पट्टी त्यांनी अंगठ्याने बाजूला केली. तिच्या मागे शाईने दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याच लपेटी लिपीत.

"वाचा."

मला खोटं बोलायचं होतं. शाई पुसली गेलीय, एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. त्या घरात ती लिपी येणारी मी एकटीच होते. त्यांनी दिवा आणखी जवळ ओढला. मी वाचलं. पुस्तिकेतलंच नाव, आणि खाली आमच्या गावाचं नाव.

"परत एकदा," ते म्हणाले.

मी परत वाचलं. त्यांनी हेल्मेट पेटीत ठेवलं, काच लावली आणि म्हणाले, "पुढच्या गुरुवारी येऊ नका."

त्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला नाही. मी दोनदा दारापाशी जाऊन बेल न वाजवता परत आले. नवरा म्हणाला, "अगं, त्यांच्या घरातली गोष्ट आहे ती. तू वाचून दिलंस, झालं." पण मला सारखं वाटत होतं की तो डबा मी उकरला नसता तर एका म्हाताऱ्या माणसाचे आजोबा शाबूत राहिले असते.

मार्चमध्ये काका स्वतः आमच्या दारात उभे राहिले. वजन उतरलं होतं. हातात एक कागद होता. हिवाळाभर ते सुताराच्या घरच्यांचा माग काढत होते. त्या घटनेनंतर वर्षभरात कुटुंबाने आडनावाचं सरळ इंग्रजी भाषांतर करून घेतलं होतं, त्यामुळे शोधायला वेळ लागला. सुतार दोन वर्षांनी वारला. एक नात हयात होती, एक्याण्णव वर्षांची, विस्कॉन्सिनमधल्या एका वृद्धाश्रमात.

"तुम्ही चला माझ्याबरोबर," ते म्हणाले. "डबा तुमचा आहे."

तीन तासांचा रस्ता होता. हेल्मेट टोपीच्या खोक्यात घालून मागच्या सीटवर ठेवलं होतं आणि त्याला सीटबेल्ट लावला होता.

आजी, म्हणजे सुताराची ती नात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. अगदी लहानशा. एका कानाने ऐकू येत नव्हतं म्हणून आम्ही दोघं त्यांच्या उजव्या बाजूला बसलो. काकांनी खोकं मांडीवर घेतलं, झाकण काढलं आणि पाठ केल्यासारखं बोलले, "हे माझ्या आजोबांनी तुमच्या घरातून नेलं. मला आत्ताच कळलं. पन्नास वर्षं मी लोकांना दुसरीच गोष्ट सांगत आलो."

आजींनी हेल्मेटकडे बघितलंच नाही. त्या काकांचा चेहरा न्याहाळत होत्या.

"तुम्ही त्यांच्यासारखे दिसता?"

"लोक म्हणतात."

"मला सांगता यायचं नाही. मी टेबलाखाली होते. मला फक्त बूट आठवतात." त्यांनी मान खिडकीकडे वळवली. "आणि आजोबा झेंड्यापाशी गेले तेव्हा त्यांनी आधी चष्मा काढला, ते आठवतं. घडी करून खिशात ठेवला. घाई नाही केली."

मी डबा उघडून पदक त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांना ते काय आहे हे लगेच कळलं असावं, कारण त्यांनी मूठ मिटली.

"हे नदीत टाकलं होतं," त्या म्हणाल्या.

"नाही. घरामागे पुरलं होतं. डांबर लावून."

"आम्हालाही तेच सांगितलं होतं त्यांनी. नदीत टाकलं. शाळेत जाताना मी पुलावर थांबायची. ऊन असलं की पाण्यात काही चमकतंय का बघायची." त्यांनी मूठ उघडून परत बघितलं. "एवढंसं आहे. मला मोठं वाटायचं."

मी त्यांना विचारलं, घरात जर्मन बोलायचे का. त्या हसल्या. त्या दिवसानंतर बंद झालं म्हणाल्या. एकच शब्द उरला, आजोबा दिवसातून दहादा म्हणायचे. त्यांनी बोट ओठांवर ठेवून तो म्हणून दाखवला. लाइझे. हळू.

माझा नवरा गाडीत नागपूरला आईशी फोनवर बोलायचा तेव्हा हल्ली तोंडावर हात धरायचा. आणि मी शेजारी बसून मराठीत काही बोलले की डोळे समोर ठेवून म्हणायचा, "हळू बोल."

आजींनी काहीच ठेवून घेतलं नाही. "माझ्या पतवंडांना मी काय सांगणार? आपण जर्मन आहोत हेही त्यांना धड ठाऊक नाही." पदक त्यांनी माझ्या हातात परत दिलं. मग काकांना म्हणाल्या, "सांगायला आलात, बरं केलंत. आता जा. मी दमते." क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि काकांनीही ती मागितली नाही.

परतताना अर्ध्या वाटेवर काकांनी गाडी एका विश्रांतीच्या जागी वळवली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मी कॉफी आणून दिली, ती त्यांनी घेतली नाही. पाऊण तासाने म्हणाले, "मला चालवता येणार नाही." माझं लायसन्स चार महिन्यांचं होतं आणि हायवेवर मी एकदाही गेले नव्हते. त्यांची ती लांबलचक जुनी गाडी मी उजव्या लेनमधून, ट्रकांचे हॉर्न खात, दोन्ही हातांनी धरून घरी आणली. ते डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते.

पुढच्या वर्षी त्यांनी सगळा संग्रह विकला. खोक्यांतले कागद तेवढे ठेवले, कारण ते कोणाला नको होते. हेल्मेट गावच्या छोट्या संग्रहालयाला दिलं, सोबत चार पानांचा खुलासा लिहून. संग्रहालयाने काचेत पाटी लावली: 'जुनं जर्मन हेल्मेट, स्थानिक कुटुंबाकडून भेट.' काकांनी पत्रं लिहिली, भेटायला गेले, पुन्हा लिहिलं. शेवटी पाटी बदलली. 1918 साली मालकाच्या घरातून बळाने नेलेलं, असं त्यावर आलं. कोणी नेलं, ते नाही. "निदान मालक तरी आला," काका म्हणाले.

पदक माझ्याकडेच राहिलं. 2006 साली नवऱ्याला अटलांटाकडे काम मिळालं आणि आम्ही अल्फारेटाला आलो. इथे दर शनिवारी कोणा ना कोणाकडे मराठी मंडळी जमतात, मोठमोठ्याने गप्पा होतात, मुलं इंग्रजीत उत्तरं देतात. आम्ही सोडलं त्याच्या दुसऱ्या वर्षी ते लाकडी घर पाडून तिथे नवं बांधलं, असं काकांनी फोनवर कळवलं. मागची जमीन चांगली सहा फूट खणली म्हणाले. मुद्दाम उभे राहून पाहिलं त्यांनी. आणखी काही निघालं नाही.

तोपर्यंत ते स्वतः लिपी शिकले होते. एखादा शब्द अडला की फोन करून एकेक अक्षराचा आकार सांगायचे: आधी वर टोक, मग खाली वेलांटी, मग परत टोक. मी इकडे कागदावर काढून बघायचे. एकदा वीस मिनिटं झटून लागलेला शब्द 'बटाटे' निघाला आणि आम्ही दोघं खूप हसलो. त्याच फोनवर त्यांनी सहज सांगितलं की बातमीतल्या उरलेल्या आठ नावांचाही शोध चाललाय. चौघांची नातवंडं सापडली. चौघांना पत्रं गेली. तिघांकडून काही नाही, आणि एकाने उत्तर पाठवलं ते शिव्यांचं.

"मग आता थांबा की," मी म्हटलं.

"त्यांच्या माळ्यावर काय असेल कोणाला ठाऊक," ते म्हणाले.

2008 च्या शरदात त्यांच्या मुलीचा फोन आला. आम्ही कधी भेटलो नव्हतो. तिने आवाज न चढवता, नीट सांगितलं की वडील मंगळवारी गेले, खुर्चीतच. घर आवरताना टेबलावर एक पत्र मिळालं होतं. पाकिटावर पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेलं. पण पत्र दीड पानावर थांबलेलं. ते कोणाला आणि कशासाठी लिहिलंय हे तिला कळत नव्हतं, आणि बाजूला माझा नंबर लिहिलेला होता.

"वाचून दाखवता?" मी विचारलं.

तिने वाचलं. आपण कोण, आपले आजोबा कोण, त्या दिवशी काय झालं, बातमीतल्या नऊ नावांत तुमच्या आजोबांचं नाव तिसरं आहे. सुताराने चष्मा घडी करून खिशात ठेवला तेही होतं. मग तिचा आवाज थांबला. "इथे संपतं. पुढचं वाक्य सुरू केलंय आणि सोडलंय. सही नाही. काय करू याचं?"

पलीकडे ती वाट बघत होती, मागे कोणीतरी खोक्यांना चिकटपट्टी लावत असल्याचा आवाज येत होता.

"आहे तसंच पाठवा," मी म्हटलं. "खाली तुमचं नाव घाला."

पलीकडे पेन शोधल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "फक्त नाव, की मी त्यांची मुलगी आहे हेही लिहू?"